तिन्ही दिवे तोंडपाठ

"मग हिरवा असला म्हणजे काय समजायचं?" नरहरीबुवांनी विचारलं.

"सगळं ठीक आहे असं," विद्याधर म्हणाला. "पिवळा लुकलुकला तर सेल संपत आलेत. लाल लागून बझर वाजला, तर खाली आईनं बटण दाबलंय."

विद्याधर तंत्रनिकेतनात शिकवायचा. हुशार होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. बारा वर्षं मठात येत होता. दर खेपेला बुवांनाच काहीतरी समजावून जायचा. आज आईचं तेरावं उरकून आला होता. दारातल्या माठाशेजारी टेकला आणि पिशवीतून बिनतारी अलार्म काढून त्यानं पुढ्यात मांडला. तीन दिव्यांची एक डबी, आणि काळ्या दोरीत ओवलेलं बटण.

"डबी वर माझ्या टेबलावर. बटण खाली आईच्या गळ्यात. पडली तेव्हाही गळ्यातच होतं, बुवा. दाबलं नाही तिनं. मी दिवसभर हिरवा दिवा बघत बसलो... यंत्र दोनदा उघडून तपासलं. काही बिघाड नाही. मग माझं चुकलं कुठं?"

बुवांनी दोरी उचलून स्वतःच्या गळ्यात घातली. डबी त्याच्याकडे सरकवली.

"आधी दाबायची का?"

"दिवसातून दहादा. उगीचच. मी हातातलं काम संपवून..."

बुवांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला, बझर वाजला. विद्याधरच्या अंगठ्यानं डबीवरचा खटका दाबला. आवाज बंद झाला.

"...काम संपवून खाली गेलो की म्हणायची, 'काही नाही रे, आता राहू दे.' मग मी जाणंच सोडलं. वाजलं की वरूनच बंद करायचो."

बुवांनी पुन्हा दाबलं. अंगठा पुन्हा खटक्यावर गेला. बोलणं थांबलं नाही.

"शेवटी तिला यंत्र समजलं असावं. महिनाभर एकदाही वाजलं नाही. खरं सांगतो, मला बरंच वाटलं."

बुवांनी तिसऱ्यांदा बटणावर बोट ठेवलं. जरा वेळ तसंच ठेवलं... आणि हात मांडीवर घेतला.

डबीवर हिरवा दिवा शांत जळत होता.

विद्याधर वाट पाहत राहिला. मग त्याला आपला अंगठा दिसला. तो अजून खटक्यावरच होता.

आल्यापासून त्यानं बुवांकडे नीट पाहिलंच नव्हतं. त्यानं मान वर केली. म्हाताऱ्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

"बुवा..." त्यानं डबी बाजूला सारली. "काय हवं होतं तुम्हाला?"

"पाणी," बुवा म्हणाले. "आता राहू दे."