कुंकू लावलेला थर्मामीटर

“दोन अंश कुणाचे चुकले, तात्या?”

तात्या पांचाळांनी वर पाहिलं नाही. जुनी यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. आज त्यांच्यापुढे लस साठवायच्या खोलीतला तापमानाचा रेकॉर्डर उघडा पडला होता. आत घड्याळाच्या चालीनं फिरणारा गोल कागद आणि त्यावर शाईची रेघ ओढणारं पेन. ते पेन तात्यांनी नुकतंच स्क्रू पिळून दोन अंश खाली आणलं होतं.

“तुझे,” ते म्हणाले.

वैजयंताच्या अंगाचा तिळपापड झाला. ती त्यांची शिष्या, आणि पेन सकाळी तिनंच लावलं होतं. ठेचलेल्या, वितळत्या बर्फात रेकॉर्डरचं तापमान घेणारं टोक बुडवून, पेन शून्यावर बसेपर्यंत ती जागची हलली नव्हती. तात्यांनी मात्र भिंतीतल्या कोनाड्यातला थर्मामीटर काढला, दोन्ही एका पाण्यात धरले आणि थर्मामीटर म्हणाला तिथं पेन नेऊन बसवलं.

तो थर्मामीटर तात्यांच्या गुरूंचा. त्याला रोज उदबत्ती, खंडेनवमीला कुंकू आणि झेंडूचा हार. दुकानातून बाहेर पडलेला प्रत्येक रेकॉर्डर त्याच्याशी जुळवूनच गेलेला.

“मग त्यालाही बर्फात घालू,” वैजयंता म्हणाली.

तात्यांचा हात थांबला.

“कुणाला?”

“तुमच्या गुरूंच्या थर्मामीटरला.”

“त्याला तपासायची रीत न्हाई हितं. त्याच्यावरनं दुसऱ्याला तपासत्यात.”

“आजवर एकदाही नाही?”

तात्यांनी रेकॉर्डरचं झाकण लावायला घेतलं.

“तात्या, लशीला आठच्या वर चालत नाही. खोलीत दहा असतील आणि कागद आठच म्हणत असेल, तर लस नासेल. रेघ सुरेख येईल, पण बाळांना नुसतं पाणी टोचलं जाईल.”

“माझ्या गुरूला खोटं पाडायचं आसंल तर पायरी उतर. पुन्हा चढू नगंस.”

वैजयंताला रडू आलं, आणि रडू आलं याचाच जास्त राग आला. हे काम तिला जिवापाड आवडत होतं, आणि ते शिकवणारा दुसरा माणूस तिला माहीत नव्हता. तिनं चपला पायांत घातल्या. पायरी उतरली.

मग तशीच मागे वळली. चपलांसकट आत आली, थर्मामीटर उचलला आणि बर्फाच्या भांड्यात खुपसला.

पारा उतरत गेला. शून्याशी आला. थांबला नाही. शून्याखाली दोनवर जाऊन बसला.



“बर्फात मीठ आसंल,” तात्या हळूच म्हणाले. खारवलेला बर्फ शून्याच्या खाली जातो, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

“चाखून बघा.”

तात्यांनी बर्फाचा एक खडा उचलून जिभेवर ठेवला. डोळे मिटले. खडा पार विरघळू दिला.

“मीठ आहे?”

“... न्हाई.”

वैजयंताला वाटलं होतं, आता आनंद होईल. झाला नाही. म्हातारा एवढासा दिसू लागला होता. पण माघार घेणं तिच्या रक्तातच नव्हतं.

“गेलेले सगळे रेकॉर्डर परत मागवावे लागतील,” ती म्हणाली. “लोक छी थू करतील. करू देत.”

तात्यांनी होकारार्थी मान हलवली. थर्मामीटर बर्फातून काढला, धोतराच्या सोग्यानं त्यावरचं कुंकू सावकाश पुसलं आणि तो तिच्या हातात दिला. पाठोपाठ स्क्रूड्रायव्हरही दिला.

तेवढ्यात तिचं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं. उदबत्तीच्या कोनाड्यासमोर ती चपला घालून उभी होती. ओशाळून ती चपला काढायला वाकली.

“ऱ्हाऊ दे,” तात्या म्हणाले. “ह्याची खरी पूजा आज पहिल्यांदा झाली.”