नाव गेलं की कोळीही जातो

आमच्या शेजारच्या कुंदाताई पाथरवट ब्लाउज शिवतात आणि कोळी बघतात, जाळं विणणारे, आठ पायांचे. मोबाइलवर त्यांचा तीनशे जणांचा गट आहे. कोळी दिसला की फोटो, जागा, तारीख टाकायची; मग बाकीचे वाद घालून त्याची जात ठरवतात. सहा वर्षांत जिल्ह्यातल्या एकशे बारा कोळ्यांची यादी झाली आणि ती कॉलेजच्या शोधपत्रिकेत छापायचं ठरलं.

संपादक डॉ. बेलसरे यांनी ताईंना बोलावलं. मला बोलावणं नव्हतं, पण ताईंची पिशवी धरायला कोणीतरी हवंच ना.

डॉक्टर म्हणाले, "लेखावर शिंपीण, कंडक्टर, भाजीवाली... लोक हसतील. पदवी नसलेल्यांची नावं काढू."

"काढा की सर. फक्त आमच्या गटात एक नियम आहे. कोणी पाहिलं ते नाव नसेल, तर कोळी पाहिलाच नाही असं धरतात."

"बरोबर. शास्त्रात तसंच असतं," डॉक्टरांनी मान डोलावली.

ताईंनी शिवणाचा खडू काढला आणि यादीवर रेघा मारत गेल्या. पदवीवाल्यांनी पाहिलेले चारच कोळी उरले. यादीत एक कोळी शास्त्राला अगदी नवा होता; त्याच्यासाठी डॉक्टरांनी पत्रकार बोलावले होते, तोही गेला.

"अहो बाई, मग छापायला उरलं काय?"

"तुमची प्रस्तावना, सर."

लेख सगळ्या नावांनिशी छापून आला. तो नवा कोळी माझ्या न्हाणीच्या खिडकीतला, म्हणून सतराव्या ओळीत माझंही नाव आहे. मी काय केलं म्हणाल, तर दिवाळीत तेवढं एक जाळं झाडलं नाही.