भरल्या गाडीचे माप

घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध मिस्त्री गॅरेज चालवीत असे. शाळेचे तोंड त्याने फारसे पाहिले नव्हते, पण डोंगरात जाणारी गाडी त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय वर चढत नसे. सगळे त्याला अण्णा म्हणत. त्याच्याजवळ एक शिष्य होता. शिष्य म्हणजे कोणी कोवळा पोर नव्हे. चांगला तिशीचा, हाताला तरबेज, आणि सात वर्षे काम शिकून आता पुरता कावलेला. कामाला नव्हे, अण्णांच्या देखरेखीला. त्याने जीव ओतून काम केले तरी गाडी सोडण्याआधी अण्णा खाली शिरत आणि प्रत्येक बोल्ट स्वतः आवळून पाहत. "माझा हात न लागता ज्या दिवशी एक गाडी घाटात जाईल, त्या दिवसापासनं तू तुझं गॅरेज टाक," असे त्यांनी सांगून ठेवले होते. सात वर्षे झाली, तो दिवस काही उगवला नव्हता.

एका शुक्रवारी सकाळी एक डॉक्टरबाई आपली जीप घेऊन आल्या. डोंगरावरच्या वाड्यांमध्ये त्या फिरता दवाखाना चालवीत. वाटेतल्या ओढ्याचे दगड गाडीच्या पोटाला लागत, म्हणून त्यांनी शहरातून उंच स्प्रिंगा बसवून जीप चार बोटे वर उचलून घेतली होती. दगड लागायचे थांबले, पण दुसरेच दुखणे सुरू झाले.

"चढाला खालून थरथर येते," बाई म्हणाल्या, "आणि वळणावर मागची बाजू आपल्याच मनाने चालल्यासारखी वाटते. परवा एका अडलेल्या बाईला खाली आणत होतो. मी तिच्याकडे बघू की मागच्या चाकाकडे, तेच कळेना. सोमवारी पुन्हा वर जायचंय. तिथे दोघींचे दिवस भरलेत."

अण्णांनी न वाकताच ओळखले. मागच्या दोन चाकांना जोडणारा एक्सल गाडीच्या सांगाड्याला लोखंडी दांड्यांनी धरलेला असतो. मिस्त्री लोक त्यांना आर्म म्हणतात. गाडी वर उचलली गेली होती, पण आर्म जुन्याच मापाचे राहिले होते. ते तिरपे लोंबू लागले आणि त्यांच्यासोबत एक्सलही पुढे ओढला गेला. आता नव्या उंचीला साजेसे, थोडे लांब आर्म घालायला हवे होते.

"किती लांब, त्ये ह्यो ठरवील," शिष्याकडे बोट दाखवून अण्णा म्हणाले. "समदं काम त्याचं."

शिष्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटू लागल्या. त्याने लगोलग सुट्या भागांच्या व्यापाऱ्याला निरोप धाडला. हा व्यापारी अंगाने भरभक्कम आणि बोलण्यात त्याहून भक्कम; सगळे त्याला शेठ म्हणत. तो आर्मच्या दोन जोड्या घेऊनच हजर झाला. एक मध्यम लांबीची, साधी काळी. दुसरी जास्त लांब, जाड नळीची, लालभडक रंगवलेली.

"चार बोटं उचलल्याल्या गाडीला लांबच जोडी. माझ्या पुस्तकात छापील हाय," शेठ म्हणाले.

शिष्याने नुसते पुस्तकावर विसंबायचे नाही असे ठरवून स्वतः टेप लावली. उभी जीप खरोखरच पुरती चार बोटे उंच भरली. त्याने लाल जोडी निवडली. गाडी घोडीवर, म्हणजे लोखंडी टेकूवर, चढवली, चाके अधांतरी लोंबत ठेवून आर्म बसवले आणि दोन्ही टोकांचे बोल्ट सगळी ताकद लावून आवळले. मग तो अण्णांकडे पाहत उभा राहिला.

अण्णा उठले. पाना न घेता त्यांनी फक्त एक खडू घेतला. आर्मच्या टोकाला एक कडी असते, तिच्या आत रबराचा बुश असतो आणि बुशाच्या मधोमध लोखंडी नळी. अण्णांनी कडी, रबर आणि नळी या तिन्हींवरून खडूची एक सरळ रेघ ओढली. मग डॉक्टरबाईंना म्हणाले, "बाई, उद्या सकाळी सोमवारची तयारी करूनच या. जी माणसं जात्यात ती समदी आणा. जे खोकं जातंय त्ये बी आणा."

शिष्याला याचा काहीच उलगडा होईना. शेठ मात्र मजा पाहायला दुसऱ्या दिवशी आपणहून आले.

बाई आल्या त्या खरोखरच सगळा संसार घेऊन. दोन नर्स, ड्रायव्हर, औषधांचे खोके, पाण्याचे कॅन, ऑक्सिजनची नळकांडी, टपावर पोषण आहाराची पोती. गाडी घोडीवरून खाली उतरवून सगळे सामान आणि माणसे आत चढली.

"येताना पेशंट असतो," अण्णा म्हणाले. "शेठ, स्ट्रेचरवर आडवं व्हा."

"मी? मी काय बाळंतीण हाय का?"

"वजन तर दोघींचं हाय की. व्हा आडवं."

नर्स तोंडाला पदर लावून हसू लागल्या. शेठ कुरकुरत आडवे झाले, आणि गाडी जी खाली बसली ती नजरेला दिसेल अशी बसली. अण्णांनी चाकांना दगड लावले आणि शिष्याला हाताने खुणावले.

शिष्याने खाली डोकावून पाहिले. कालची सरळ रेघ मोडली होती. कडीवरचा तुकडा एकीकडे, नळीवरचा दुसरीकडे, आणि मधले रबर पिळलेल्या फडक्यासारखे ताणलेले. त्याने उंची मोजली. चार बोटांची अडीच झाली होती. लाल आर्म त्या उंचीला जास्त लांब पडत होते, एक्सल मागे ढकलला गेला होता, आणि टायर मडगार्डच्या कडेला जवळजवळ टेकला होता.

आपली चूक त्याला दिसली. पण चुकीपेक्षा जास्त बोचले ते दुसरेच. सात वर्षांनी मिळालेली संधी चारचौघांत गेली होती. तो ताडकन उठला. "अण्णा, कालच सांगता आलं असतं. पण तुम्हाला मला सोडायचंच नाही. एकदा सरळ तोंडावर सांगा, म्हणजे मी आस तरी लावणार नाही!"

स्ट्रेचरवरून शेठ उठू लागले, त्यांना अण्णांनी हातानेच थोपवले. अण्णा रागावले नाहीत. चाकाशेजारी जमिनीवर बसले आणि सावकाश बोलू लागले.

"लेका, ही गाडी रिकामी कधी घाटात जाती का? मग माप रिकाम्या गाडीचं का घ्यायचं? रबर ज्या जागी आवळशील ती जागा त्ये आपली धरतं. तू अधांतरी आवळलंस. आता भार आला की त्ये दिसभर पिळवटत ऱ्हाणार. गाडी नुसती हुबी असली तरी. दोन म्हैन्यांत फाटंल, आणि फाटंल त्ये वळणावरच. भार सोसायची वस्तू भार अंगावर असतानाच मापायची आणि तवाच आवळायची. ही चूक झाली तुझी. पण दुसरी चूक माझी हाय. सात वर्सं तू काम केलंस आणि वरनं माझा हात फिरत ऱ्हायला. गाडीचा भार कायम माझ्यावर. तुझ्यावर तो कधी आलाच न्हाई. मी तुला रिकामाच मोजत आलो, आणि कमी भरतोस म्हणत आलो. काल तुला सांगितलं न्हाई, कारण सांगितलं असतं तर त्ये काम पुन्हा माझंच झालं असतं."

शिष्याचा राग ओसरला आणि त्या जागी लाज आली, आणि अण्णांविषयी अशी माया दाटून आली की त्याने मान वळवून डोळे बाहीला पुसले. मग त्याने सगळ्यांना खाली उतरवले, लाल जोडी काढली आणि साधी काळी जोडी चढवली. बोल्ट हातानेच सैलसर बसवले. गाडी जमिनीवर उतरवून पुन्हा सगळा संसार आत भरला. या वेळी शेठ न सांगताच स्ट्रेचरवर आडवे झाले. चाके मडगार्डच्या मधोमध आली, टायर कडेपासून मोकळा राहिला, तेव्हा भरल्या गाडीखाली पाठीवर सरकून त्याने एकेक बोल्ट आवळला.

बाई गाडी घाटाच्या पहिल्या चढापर्यंत फिरवून परत आल्या. "थरथर गेली!" त्या खिडकीतूनच म्हणाल्या. मग अण्णांकडे वळल्या. "तरी तुम्ही एकदा खाली बघून घ्या ना, अण्णा. माझ्या मनाला बरं वाटेल."

"न्हाई, बाई," अण्णा म्हणाले. "मी बघितलं की भार पुन्हा माझ्यावर. आता काय इचारायचं त्ये ह्याला इचारा." एवढे बोलून ते शेठना घेऊन समोरच्या टपरीवर चहाला निघूनही गेले.

बाईंनी शिष्याकडे पाहिले. त्याने मान डोलावली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, गियर टाकला. डोंगरावरच्या दिवस भरलेल्या दोघी, त्यांची पोटातली बाळे, या नर्स, या बाई, सगळे एकाच वेळी शिष्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

"थांबा!" तो ओरडला.

गाडी थांबली. तो पुन्हा खाली शिरला. आत्ताच स्वतः आवळलेले चारही बोल्ट त्याने पहिल्यापासून तपासले, आणि ते झाल्यावर आणखी एकदा तपासले. एकही सैल नव्हता. तो बाहेर आला. त्याने हात करताच जीप निघाली.

टपरीवर अण्णा त्याच्याकडे पाठ करून चहा पीत बसले होते. सात वर्षे ज्याला तो अविश्वास समजत आला, ते काय होते, हे त्याला आता कोणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.