उडीखालचा धोंडा

ही सपाटी जिथं संपते आणि वाट एकदम तुटते, त्या जागेला आमच्या वाडीत 'उडी' म्हणतात. उंची म्हणाल तर फार नाही, उभ्या माणसापेक्षा थोडी जास्त. पण काठ पुढं झुकलेला आहे. त्यामुळं वरून येणाऱ्याला खालचं काही दिसत नाही, दिसते ती लांबची दरी आणि दरीपलीकडचं धुरकट कोकण. खाली उताराला लागलेला एक रुंद कातळ आहे. उडी मारणारा त्यावर टेकतो आणि तसाच पुढं ओघळत जातो. ज्याला उडी नको, त्याच्यासाठी बाजूनं वळसा घेऊन उतरणारी जुनी बैलवाट आहे. आणि कातळाच्या कडेला माणसाएवढा एक धोंडा उभा आहे. एवढ्या वर्षांत एवढे पाऊस गेले, दरड आली, पण तो हलला नाही.

रविवारी इथं सायकलवाली पोरंपोरी येतात. जाड टायरांच्या सायकली, गुडघ्याला आणि कोपराला कवचं, डोक्याला हेल्मेट. कोण कुठला डोंगर उतरून आला, कुठल्या वाटेला कसं वळण आहे, ते एकमेकांना फोनवर दाखवत बसतात. एकमेकांच्या सायकली फिरवून बघतात. चिखलानं भरलेली असतात, पण मन निर्मळ. माझ्या खोपटापाशी ताक पितात आणि मला आबा म्हणतात. मला त्यांचं येणं आवडतं.

त्यांच्यात एक रीत आहे. कुणी कुणाला 'मार की उडी' म्हणून डिवचलं, तर डिवचणाऱ्यानं आधी आपली सायकल वर ठेवायची आणि बैलवाटेनं पायी खाली जायचं. धोंड्याला हात लावून उभं राहायचं, लांब हुंकारी द्यायची, कातळ डोळ्यांनी बघायचा आणि मग हाक मारायची, "मोकळं आहे, ये." ती हाक येईपर्यंत वरच्यानं पेडलला पाय लावायचा नाही. ही रीत त्यांनी शहरातून आणलेली नाही. ती इथलीच, घोड्यांच्या काळातली.

परवाच्या रविवारी त्यांच्यात केतकी नावाची एक नवी मुलगी आली होती. निषाद म्हणून एक जुना गडी आहे, थट्टेखोर. तो तिला म्हणाला, "काय केतकी, फोनवर तर रोज कडे उतरत असतेस. आज समोर दाखव की!"

ती म्हणाली, "तू आधी खाली जा, मग तोंड उघड."

"अगं, ऊन बघ केवढं. मी काल आलोय इथून, सगळं मोकळं आहे. आज राहू दे ना ती रीत."

"निष्या, चालणार नाही हां," बाकीचे ओरडले. "डिवचलंस ना? मग उतर."

तेव्हा ती माझ्याकडं वळून म्हणाली, "पण आबा, ही रीत पडली कशी?"

मी शेरडांची दावी वळत बसलो होतो. म्हटलं, बसा जरा सावलीला, निषादलाही बसू द्या. मला अक्षर येत नाही. पण माझ्या आज्यानं जे सांगितलं, ते आहे तसं सांगता येतं.

तर असं सांगतात, की तेव्हा ह्या सपाटीवर धनगरांचा मोठा वाडा, म्हणजे तळ, होता. मेंढरं पुष्कळ, आणि सामान वाहायला घोडी. पावसाळा इथं काढायचा आणि दिवाळी झाली की कळप घेऊन पूर्वेच्या मुलखाला उतरायचं, असा त्यांचा क्रम. ज्याच्या घोडीची चाल नीट, तो कळपाच्या पुढं चालायचा. तो मान धुळा नावाच्या जवान गड्याचा होता. त्याची घोडी पारवी. पारव्याच्या रंगाची, पायानं हलकी. धुळा तिला लेकरासारखं जपायचा. भाकरीतला पहिला तुकडा तिचा.

जकू त्याचा जिवाचा मित्र. दोघं एका ताटात जेवणारे. पण जकूच्या जिभेला हाड नव्हतं. कुणाला डिवचल्याशिवाय त्याचा दिवस सरायचा नाही. मेंढरं बसली की ही जवान पोरं घोड्यांवर टांग टाकून सपाटीभर भरधाव सुटायची आणि काठावरून खाली उडी घ्यायची. कुणी घ्यायचा, कुणी काठाशी लगाम खेचायचा. जो लगाम खेचील त्याची जकू पुढच्या पंधरवड्यापर्यंत पाठ सोडायचा नाही.

त्या काळात कोकणातलं मीठ ह्याच वाटेनं बैलांच्या पाठीवर वर यायचं. तांडा त्या कातळापाशी आला की थांबायचा. गोण्या कातळावर टेकवायच्या, बैलांना दम खाऊ द्यायचा, आणि मग बैलवाटेनं वर. गोण्या टेकवल्या की मीठ सांडणारच. मग तांडा गेला की वाड्यावरची शेरडं कातळ चाटायला धावायची. हे इथल्या रांगत्या पोरालाही ठाऊक होतं.

एक दिवस सकाळीच तांडा वर आला. जकू काठावर त्यांच्याशी बोलत उभा राहिला, त्यांनी त्याला मूठभर मीठ दिलं. ते त्यानं धोतराच्या सोग्यात बांधलं. पुढं ऊन तापलं, पोरं जमली, आणि जकूनं धुळाला धरलं.

"काय रं धुळ्या, पारवी गाभण हाय का काय? लई दिस झालं, काठाकडं बघतबी न्हाई तुझी."

धुळा हसून म्हणाला, "खाली बघितलंस का?"

"बघायचं काय त्यात? कातळ काय पळून जातोय व्हय? मोकळंच असतंय. का आईला सांगून येतूस आधी?"

पोरं हसली. धुळाला राग आला की नाही ते कुणी सांगत नाही. त्यानं पारवीची मान थोपटली, तिला मागं नेली आणि टाच मारली.

म्हणे घोडी काठावरून सुटली तेव्हा धुळाला खालचं दिसलं. कातळभर शेरडं मीठ चाटत होती, आणि त्यांच्या मधोमध जकूची धाकटी बहीण ठकू बसली होती. चिमुकली पोर. तीही बोटानं मीठ टिपून चाटत होती. धुळानं हवेतच सगळा जीव एकवटून लगाम ओढला. घोडी कातळ सोडून बाजूच्या खडकांत पडली. पारवी पुन्हा उठली नाही. धुळाचा गुडघा असा फुटला की तो पाय नंतर कधी वाकला नाही. ठकूच्या अंगावर धुळीशिवाय काही आलं नाही.

जकू धडपडत खाली आला. बहिणीला उचलायला वाकला, तेव्हा सोग्याची गाठ सुटली आणि मूठभर मीठ कातळावर सांडलं. तांडा गेलेला त्यानं पाहिला होता. मीठ त्याच्या कमरेला होतं. आणि तरी तो वर उभा राहून 'मोकळंच असतंय' म्हणाला होता.

धुळानं त्याला शिवी दिली नाही, तोंडात मारली नाही. तो फक्त त्याच्याशी बोलायचा थांबला, तो वर्षानुवर्षं.

दिवाळी झाली. वाडा निघाला. न वाकणारा पाय घेऊन धुळा कळपापुढं काय, मागंही चालू शकत नव्हता. तो इथंच राहिला. तेव्हा जकू बिरोबाच्या ठाण्यापुढं गेला, भंडारा कपाळाला लावला आणि सगळ्या वाड्यादेखत बोलला, "धुळ्याची घोडी म्या मारली. त्याचा पाय म्या मोडला. आता हितनं जो कुणी उडी घील, त्याच्या आधी मी खाली उभा असंन. माझ्या डोळ्यानं बघितल्याबिगर कुणाची घोडी सुटायची न्हाई. आन् हितं ह्यो राहतोय तंवर मीबी हितंच."

थोरल्यांनी समजावलं, की बाबा, धनगरानं कळपामागं जावं, एका जागी बसून तू करशील काय? जकू ऐकेना. कळप उतरून गेला आणि त्या उजाड माळावर दोन माणसं राहिली. त्यातलं एक दुसऱ्याशी बोलत नव्हतं.

जकूनं आपली घोडी नेऊन धुळाच्या दाराशी बांधली. धुळानं ती परत केली नाही, तिच्यावर बसलाही नाही. पण पाणी रोज पाजायचा. जकू सरपण आणून टाकायचा, धुळा लोकर कातायचा. सणाला जकू दाराशी जाऊन उभा राहायचा, "धुळ्या, जेवलास का?" विचारायचा. आत लोकर कातायच्या चातीचा आवाज तेवढा थांबायचा, आणि जकू परत फिरायचा. त्याला ह्या जगात दुसरं काही नको होतं, म्हणे. धुळाच्या तोंडून एकदा आपलं नाव ऐकायचं होतं.

ठकू मोठी झाली, खालच्या गावात नांदायला गेली. माहेरी आली की आधी धुळाच्या पाया पडायची, मग भावाच्या.

दर पावसाळ्यात वाडा परतायचा. नवी जवान पोरं घोडी पिटाळायची. आणि जकू खाली उभा. उन्हात, पावसात, अंगावर घोंगडं घेऊन. आधी शेरडांसाठी हुंकारी द्यायचा, "हूऽऽऽ", आणि मग साद, "मोकळं हाय, ये!" वरचा कुणी काठाशी कचरला तर खालून तोच जकू म्हणायचा, "राहू दे लेका, बैलवाटेनं ये." ज्याच्या जिभेला पोरं भ्यायची, त्याच्या सादेवर आता आया भरवसा ठेवू लागल्या.

अशी वर्षं गेली. दोघांचे केस पिकले, धुळाच्या दाराशी आता त्या घोडीची नात बांधलेली होती. एका सकाळी काठावर दाट धुकं होतं. जकू आपल्या जागी होता, सवयीनं. वर टापा वाजल्या. पण त्या भरधाव नव्हत्या, एकेक पडत होत्या. काठाशी येऊन थांबल्या. आणि धुक्यातून आवाज आला, "जक्या, मोकळं हाय का रं?"

जकूनं आवाज ओळखला. पण तो आधी कातळाकडं वळला, असं आजा मुद्दाम सांगायचा. हुंकारी दिली, सगळा कातळ पायानं चाचपला, धुकं होतं म्हणून हातानंही चाचपला. आणि मग ओरडला, "मोकळं हाय, धुळ्या! म्या बघितलंय. ये!"

इथं सांगणाऱ्यांचं एकमेकांशी जुळत नाही. कुणी म्हणतात, धुळानं त्या घोडीवरून उडी घेतली आणि फुलासारखा उतरला. माझा आजा म्हणायचा, म्हातारा लंगडा गडी कुठली उडी घेतोय? तो काठाशी घटकाभर थांबला, घोडी वळवली आणि बैलवाटेनं हळूहळू खाली आला. जकूनं पुढं होऊन लगाम धरला. उडी का नाही मारलीस, असं त्यानं विचारलं नाही. दोघं कातळावर बसले आणि ऊन वर येईपर्यंत बोलत राहिले. काय बोलले, ते कुणाला ठाऊक नाही.

जकू गेला तो तिथंच, उभ्या उभ्या, असं सांगतात. धुळानं वाड्याला बोलवायला माणूस पाठवला. मंडळी आली तेव्हा जकूच्या जागी हा धोंडा होता, दरीकडं पाठ आणि काठाकडं तोंड. त्याला हात लावून हाक दिली तर ती वर स्वच्छ ऐकू येते. चार पावलं बाजूला होऊन दिली तर वारा घेऊन जातो. हे तुम्हीही करून बघा.

माझं सांगून झालं. निषाद उठला, हेल्मेट काढून केतकीच्या हातात दिलं आणि बैलवाटेला लागला.

बराच वेळ हाक आली नाही. मग खालून "हट् हट्" ऐकू आलं. "आबा, तुमची शेळी हलत नाही हो! काल इथं कुणी नव्हतं!"

"काल नव्हतं," मी म्हटलं. "धोंड्याला हात लाव बाळा, आणि हुंकारी दे."

"हूऽऽऽ," लाजत लाजत त्यानं दिली. खाली कातळावर खुरं वाजली. आणि मग साद आली, माझ्या कानाला अगदी जवळून आल्यासारखी, "केतकी, बघितलंय मी. मोकळं आहे, ये!"

केतकी सायकलवर बसली. वेगात आली आणि काठाशी ब्रेक दाबला. टायरखालचे खडे खाली गेले. "निषाद," ती ओरडली, "आज नको वाटतंय रे."

खालून लगेच उत्तर आलं, "बरं. बैलवाटेनं ये. मी इथंच आहे."

कुणी हसलं नाही. ती सायकल हातात धरून उतरत गेली, आणि वळणावर निषादनं पुढं होऊन तिचं हँडल धरलेलं मला दिसलं.

मिठाचे तांडे बंद होऊन किती पिढ्या झाल्या. घोडीही गेली. पण आजही शेरडं तो कातळ चाटायला जातात. त्यांना तिथं काय मिळतं, देव जाणे. आणि आजही धोंड्यापासून ती लांब हुंकारी आली, की ती चाटायचं सोडून आपसूक उठतात आणि कडेला सरून उभी राहतात. त्यांना हे मी शिकवलेलं नाही. माझ्या बापानंही नाही.