तीन बोटं उंच

“ज्या कुणी हा रस्ता केलाय, त्यानं एकदा तरी यावरून आजारी माणूस न्यायला हवा होता. स्वतःच्या घरातला. मग कळलं असतं. चाचा, एकतीस इंची टायर आहेत की नाहीत, एवढंच सांगा.”

दस्तगीरचाचा पंक्चर झालेली ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“गाडी चालूच हाय तुझी.”

“घाई आहे.”

“बंद कर.”

इंद्रजित चौगले गाडीपर्यंत गेला, खिडकीतून हात घालून चावी फिरवली आणि परत आला. फाट्यावर एकदम शांतता पसरली. ती त्याला सोसवेना.

त्यानं समाजकार्याची पदवी घेतली होती. नोकरी घेतली नव्हती. सोळा वर्षं जुनी एक पिकअप घेतली होती. दर मंगळवारी तो डोंगरमाथ्यावर, सड्यावरच्या धनगरवाड्यांतून आजारी माणसं गोळा करून खाली तालुक्याच्या दवाखान्यात आणायचा. दुपारी बारानंतर दवाखान्यात केसपेपर मिळत नसे.

दस्तगीरचाचांचं टायरचं दुकान या फाट्यावर चाळीस वर्षं होतं. घाटातले ड्रायव्हर टायर घ्यायला कधी कधी दुसरीकडे जात. घ्यावा की नाही, हे विचारायला मात्र इथेच येत.

“काय हुईल मोठ्या टायरनं?” चाचांनी विचारलं.

“गाडी तीन बोटं उंच होईल. टेकाडाजवळ तो धोंडा आहे ना, त्याला गाडीचं पोट घासतं. पाळण्यासारखी डुलवत न्यावी लागते. मोठे टायर असले की सरळ वरून.”

“इंजान जुनं हाय. चढाला दमंल.”

“गिअरचं काम करून घेतो.”

“वळणाला मडगार्डला घासंल.”

“मडगार्ड कापतो.”

“सगळं ठरवूनच आलायस की.”

“मग काय वाट बघत बसू?” इंद्रजितचा आवाज चढला. “गेल्या वर्षी एका वाड्यातून अकरा जण यायचे. आता मी तीन वाडे फिरतो आणि हौद्यात तिघं आहेत. धुळाप्पा एडगेच्या पायाला जखम आहे, साखरेची. दर मंगळवारी पट्टी बदलायला यायला हवं. तीन आठवडे आलेला नाही. पाय काळा पडत चाललाय म्हणे, चाचा. उद्या कापावा लागेल.”

“कुठला पाय?”

“काय?”

“कुठला पाय त्येचा?”

“…उजवा. असावा.”

चाचांनी ट्यूब पाण्यात फिरवली.

“का येत न्हाई त्यो?”

“गाडी त्या धोंड्यावर आदळते. लोक घाबरतात.”

“धुळाप्पा म्हणला तसं?”

“म्हणायला कशाला हवं? दिसतं ते.”

एक बुडबुडा वर आला. चाचांनी त्या जागेवर खडूनं खूण केली.

“अकरा येत हुती, तवा टायर कुठलं हुतं?”

“हेच.”

“आन धोंडा?”

“…तोच.”

“बरं.”

“बरं काय? तेव्हा एकच वाडा होता. वेळ होता. आता तीन आहेत. मोठे टायर बसले तर मी चौथाही करीन.”

चाचा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. इंद्रजितनं घड्याळ पाहिलं. दहा वाजून गेले होते.

चाचांनी पिकअपच्या मागच्या उजव्या चाकाजवळ जॅक लावला. चाक जमिनीपासून सुटलं. दुकानातून त्यांनी एक जाड फळी आणली, तिच्या कडेला आपली तीन बोटं टेकवून इंद्रजितला दाखवली आणि ती चाकाखाली सरकवली. मग जॅक काढून घेतला.

“हे बग. झाली गाडी उंच.”

हौद्यात दोन तरुण होते. त्यांच्यामध्ये ठकूआजी झोरे पदर डोक्यावर ओढून बसल्या होत्या. आज त्यांच्या डोळ्याची तपासणी होती.

“ठकूबाई, वाईच खाली येता का?”

“आता आनि खाली? मग चढवंल कोन?”

“सकाळी कोन चढीवतं?”

“ही दोघं घेत्यात वर. पोतं घेत्यात तशी.”

“आन ही नसली तर?”

“तर मी घरात.”

“ह्यो काय करतो?” चाचांनी हनुवटीनं इंद्रजितकडे दाखवलं.

“ह्यो हारन वाजीवतो.”

तरुणांपैकी एक हसला. दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. दोघांनी मिळून आजींना खाली उतरवलं.

“जावा, च्या पिऊन या,” चाचा त्यांना म्हणाले. मग आजींकडे वळले. “आता चढा.”

गाडीला पायरी नव्हती. मागच्या टायरवर एक पाय, हौद्याच्या कडेला दोन्ही हात, अंग वर खेचायचं आणि दुसरा पाय आत टाकायचा. सगळे असेच चढत.

आजींनी हौद्याची कड धरली. पाय उचलला. तो टायरपर्यंत पोचला नाही. त्यांनी लुगडं जरा वर खोचलं आणि पुन्हा उचलला…

इंद्रजित धावला.

“थांब,” चाचा म्हणाले. “तू हितं कुठं असतोस? तुझी जागा तितं.”

त्यांनी ड्रायव्हरच्या सीटकडे बोट केलं.

“चाचा, वेळ जातोय. आजी पडतील.”

“पडू देत न्हाई मी. तू बस. रोज बसतोस तसा.”

इंद्रजित चडफडत जाऊन बसला. सवयीनं त्यानं स्टिअरिंग धरलं.

“आरशात बघ. काय दिसतंय?”

“रस्ता. हौद्याची कड.”

“आनि?”

“…आजींचे हात.”

कडेवर आठ बोटं होती. एका मनगटावर गोंदलेलं हिरवट तुळशीचं रोप. बोटं आवळली. नखं पांढरी झाली. खालून चप्पल घासल्याचा आवाज आला, एकदा, मग पुन्हा एकदा.

बोटं सुटली.

“आता काय दिसतंय?”

“…काही नाही.”

“मग काय करतोस तू? ह्या वक्ताला?”

इंद्रजितचा उजवा हात हॉर्नवर जाऊन पोचला होता. त्याचं त्यालाच ते आत्ता दिसलं. त्यानं हात उचलला नाही, दाबलाही नाही…

रस्त्यावरून दुधाचा टेम्पो गेला. त्याची धूळ खाली बसली.

चाचांनी आजींना धरून टायरच्या चळतीवर बसवलं. त्यांची एक चप्पल चाकाशी पडली होती, ती उचलून पायाशी ठेवली. मग पाण्याचा तांब्या आणून दिला.

इंद्रजित अजून सीटवरच होता. आरशात आता फक्त रस्ता दिसत होता, रिकामा, दरवेळी दिसायचा तसाच. इतके महिने वाड्यावर आरशात रस्ता असा रिकामा दिसला की तो मनात म्हणायचा, आले नाहीत, चला. आणि गाडी काढायचा.

वाड्यावर, धुळाप्पाच्या दारासमोर, शेवटचं उतरून थांबला होता तो मंगळवार त्याला आठवेना. हॉर्न किती वेळा वाजवला होता तेवढं आठवलं. तीन वेळा. मोठ्यानं.

“चाचा,” तो खिडकीतून म्हणाला. आवाज खाली आला होता, पण घाई अजून गेली नव्हती. “मग… टायर कुठले बसवू? ते तरी सांगा.”

दस्तगीरचाचा पुन्हा पाण्याशी जाऊन बसले होते. त्यांनी ट्यूब उचलली, खडूची खूण शोधली.

“मला काय इचारतोस? मी कधी चढलोय तुझ्या गाडीत?”

इंद्रजितनं आजींकडे पाहिलं. आजींनी तांब्या खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं. उत्तर मात्र त्याला दिलं नाही. त्या चाचांना म्हणाल्या,

“कुठलं बी बसीव, भाऊ. त्येला तेवढं खाली उतरीव.”