वज्रसेन राजाचा टोमणा

एका मोठ्या तलावाच्या बांधाखाली एक नगर होतं. तिथला राजा वज्रसेन सरळ कधी बोलतच नसे. कुणी चुकलं की म्हणे, "वा, काय ही हुशारी!" दरबार हसे आणि चुकणारा मान खाली घाली.

एके सकाळी बांधाची राखण करणारी तुळसा धापा टाकत दरबारात आली.

"महाराज, बांधातून गढूळ पाणी येतंय! आतली माती वाहून चाललीय. बांध दुपारपर्यंत टिकायचा नाही!"

बांध राजाने स्वतः उभं राहून बांधून घेतला होता. त्याला राग आला, पण तो हसत म्हणाला, "अरे वा! आमच्या कारागिरांपेक्षा तुळसाबाईंनाच जास्त कळतं! मग असं करा, सगळं नगर टेकडीवर न्या. गुरंढोरंसुद्धा न्या. आत्ताच्या आत्ता!"

दरबार खो खो हसला. दवंडीवाला भिकोबा मात्र हसला नाही. भोळा माणूस तो. शब्दाचा उलटा अर्थ असतो हे त्याच्या गावीही नव्हतं. "जी महाराज!" म्हणत त्याने हलगी उचलली आणि धूम ठोकली.

तुळसाला टोमणा कळला होता. भिकोबाला अडवलं नाही तर आपली धडगत नाही, हेही कळलं होतं. तरी तिने त्याला अडवलं नाही. तीही त्याच्यामागे धावली.

"ऐका हो ऐका! महाराजांचा हुकूम! सगळ्यांनी टेकडीवर चला!"

काय धावपळ उडाली! कुणी पोरं कडेवर घेतली, कुणी म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं. शेळ्या, गाई, बैल, सारे टेकडीकडे धावले. राजाने खिडकीतून पाहिलं तर रस्ते ओस! संतापलेला राजा दरबाऱ्यांना घेऊन टेकडी चढू लागला.

"कुणी दिला हा हुकूम?" तो माथ्यावर पोहोचून ओरडला, आणि त्याच क्षणी धडाड् करून बांध फुटला! बघता बघता घरं पाण्याखाली गेली. माणूस मात्र एकही बुडाला नाही.

"महाराजांचा विजय असो!" लोक आनंदाने ओरडले. "आमचा राजा दूरदर्शी!"

इतका झोंबणारा टोमणा राजाला आजवर कुणी मारला नव्हता, आणि लोक तर मनापासून बोलत होते. त्याने हात वर केला.

"मी थट्टा केली होती," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा तो सरळ बोलत होता. त्याने तुळसा आणि भिकोबाकडे बोट दाखवलं. "तुम्हाला या दोघांनी वाचवलं. यांचा जयघोष करा."

तात्पर्य: टोमणा मारणाऱ्याला वाटतं की खरं काय ते आपल्यालाच कळलंय, पण पुष्कळदा ते ज्याला तो हसतो त्यालाच कळलेलं असतं. म्हणून कुणाला हसण्याआधी त्याचं म्हणणं नीट ऐकावं.