वाकडी सातवीण

"कोणी पाडली?"

सातूबुवांनी दोनच शब्द विचारले. कड्याच्या टोकावरची सातवीण आडवी पडली होती आणि उरलेल्या खुंटातून अजून पांढरा चीक गळत होता.

"मी," विश्राम म्हणाला. आवाजात जरा ऐटच होती.

हा विश्राम बुवांचा चेला. तीन वर्षांपूर्वी शहरातली नोकरी सोडून टेकडीवर आला. बुवांनी चाळीस वर्षं राखलेलं हे रान. त्यात याने दहा-दहा मिनिटांच्या तीन पायवाटा आखल्या, झाडांना पाट्या लावल्या, आल्यागेल्याला हौसेने हिंडवलं. पोरगा कष्टाळू, त्यात वादच नाही. पण आपल्याला सगळं कळतं, ही खोड मेली जाता जाईना.

"लोक एवढा चढ चढून येतात, बुवा. बंदर बघायला! आणि नेमकी ही वाकडी मध्ये. तुम्ही सकाळी गावात गेलात, म्हटलं उरकून टाकू. आता बघा कसं मोकळं दिसतंय."

बुवांनी बंदराकडे पाहिलंच नाही. ते पाहत होते खाडीच्या तोंडाकडे. वारा फिरला होता. समुद्र धुरकटला होता.

"इथनं बंदर दिसतं," ते म्हणाले. "आणि होडीतनं काय दिसतं?"

"होडीतनं?..."



धुरक्यातून तीन होड्या बाहेर आल्या. पुढची सरळ आत यायची सोडून डावीकडे वळली, थबकली, मग उजवीकडे गेली. खाली धक्क्यावर बायका उठून उभ्या राहिल्या.

"पुढची रघू तांडेलाची," बुवा म्हणाले. "खाली देवळाचा कळस, वर सातवीण. दोन्ही एका रेषेत आली की होडी आत घालायची. त्याचा बाप तसाच यायचा, आजाही."

"आणि रेषा चुकली तर?"

"तिथं पाण्याखाली खडक आहे."

रघूच्या होडीत त्याचा थोरला मुलगा असतो, हे विश्रामला ठाऊक होतं. कालच त्या घरी तो पोटभर जेवला होता.

"बुवा, मला... मला काय माहीत..."

बुवांनी जवळची पाटी बांबूसकट उपटली. 'बंदर दर्शन' लिहिलेली, विश्रामनेच रंगवलेली. डोक्याचं पांढरं मुंडासं सोडलं, बांबूच्या टोकाला गच्च बांधलं आणि बांबू त्याच्या हातात दिला.

"खुंटावर चढ."

तो चढला. चिकाने पाय घसरत होते. वाऱ्याने मुंडासं फडफडलं आणि बांबू हातातून निसटू लागला.

"सरळ धर!"

"धरतोय!"

"ती वाकडी होती, पण कधी हलली नाही. सरळ धर!"

पुढची होडी खडकाच्या बाजूला ओढली जात होती. विश्रामला ओरडावंसं वाटलं, पण इतक्या लांब कोण ऐकणार? त्याने दात आवळले, बांबू छातीशी घट्ट धरला आणि डोळे मिटून घेतले.

"डोळे उघड. काय केलंस ते बघ."

त्याने उघडले. होडीचं तोंड हळूहळू वळलं... आणखी वळलं... आणि होडी खडकाला घासून जाते की काय असं वाटत असतानाच आत शिरली. तिच्यामागून दुसरी आली. तिसरीला फार वेळ लागला. तोवर विश्रामचे खांदे भरून आले होते, आणि तो रडत होता.

धक्क्यावर गलका उठला. माणसं होड्या ओढायला पाण्यात उतरली.

"आल्या, बुवा. तिन्ही आल्या," तो हुंदके देत म्हणाला. "चुकलं माझं. पाया पडतो तुमच्या... आता उतरू?"

बुवा खाली बसले. खुंटाच्या चिकावर चिकटलेला पालापाचोळा त्यांनी बोटांनी अलगद पुसला. मग मान वर करून चेल्याकडे पाहिलं.

"का रे? सातवीण वाढली?"